तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

ऑस्टबी, मिनेसोटा
१४ जून २०१९

प्रिय वन्सं,

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते पटत नाही, म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक आहे. मी ठीक आहे. म्हणजे नाहीये, पण ते तुम्ही विचारल्यावर सांगायचं होतं. तुम्ही मागच्या पत्रात विचारलेलं नाही, तरी सांगते.

बुधवारी सकाळी जिना पालुम्बो दारात आली. गावाच्या पार्कचं बघायला नगरपालिकेनं नवीन नेमलेली बाई. न्यू जर्सीची आहे, चौतिशीची असेल, दोन मुलं आहेत, आणि चालते की पळते तेच कळत नाही. तिनं ठरवलंय की या उन्हाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी पार्कात खाण्याचे ट्रक लावायचे. चार ट्रक, मुलांना उड्या मारायला हवेचा किल्ला, एक जादूगार आणि नॉर्बर्ट क्लाइनचा अकॉर्डियन. गावानं पोराबाळांसकट यायचं, खायचं, नाचायचं. मी म्हटलं, "काहीतरी वेगळंच आहे हो." आपल्याकडे याचा अर्थ 'मला पटलं नाही' असा होतो, ते तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "थँक यू!"

मग म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचा लेफ्सेचा ट्रक होता ना? आणाल का? चौथी जागा तुमच्यासाठी ठेवते."

मी म्हटलं, "अगं नको गं. बटाट्याच्या पोळ्या कोण खातंय या दिवसांत."

आणि वन्सं, ती म्हणाली, "बरं! काही हरकत नाही!" हातातल्या कागदावर फुली मारली आणि गेली.

गेली! मी दार धरून उभी. कॉफी चढवलेली. दुसऱ्यांदा विचारेल तेव्हा "बघू, पाठ दुखते जरा" म्हणायचं ठरवलेलं. तिसऱ्यांदा विचारलं की "तुझा एवढाच आग्रह असेल तर" म्हणायचं. सगळं तयार होतं. तिनं दुसऱ्यांदा विचारलंच नाही. माणसं अशी कशी वाढवतात त्या न्यू जर्सीत?

चाळीस पौंड बटाटे मी आधीच उकडले होते. पास्टरच्या बायकोनं सोमवारीच सांगितलं होतं ना, की जिना विचारायला येणार आहे म्हणून. आता ते सगळे फ्रीझरमध्ये पडलेत आणि वाटाणे बाहेर आलेत.

मला तसं काही नाही. पण कर्टिसनं सांगितलंय की सप्टेंबरात त्याला शेड रिकामी हवी, नवीन कापणी यंत्र येतंय. म्हणाला, "आई, बाबांचा ट्रक वापरात असेल तर राहू दे, मी यंत्र बाहेर ठेवीन. नुसताच उभा असेल तर भंगारवाल्याला बोलावतो." मुलगा वाईट नाही. बापाच्या वस्तूकडे रोज बघायचं त्याच्या जिवावर येतं, आणि ते तो मेला तरी कबूल करणार नाही.

मी ट्रक धुतला तो गंज धरू नये म्हणून. काचा पुसल्या त्या ट्रक धुतलाच होता म्हणून. दारावर ऑर्व्हिलनं रंगवलेली अक्षरं होती त्यांच्यावर एक हात दिला, कारण निळा रंग घरात उरला होता. तो मंगळवारीच विकत आणला होता, ही गोष्ट वेगळी.

उन्हाळ्यात तुम्हीच का येत नाही इकडे? वरची खोली रिकामी आहे.

तुमची,
आर्डिस

*

मेसा, ॲरिझोना
२० जून

आर्डिस वहिनी,

काय म्हणावं तुला! बाहेरच्या मुलीला कसं कळणार की तुझं पहिलं नको हे नको नसतं? तिच्या गावात बहुधा माणसं नको म्हणजे नको आणि हो म्हणजे हो म्हणत असतील. ऐकायला विचित्र वाटतं, पण जगात असे लोक आहेत. माझी सून त्यातलीच. पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं, "आई, अजून बटाटे वाढू?" मी म्हटलं नको. भांडं उचलून नेलं. मी दोन महिने अर्धपोटी होते.

आता तू फोन उचल आणि त्या मुलीला सांग की येते. एकच शब्द आहे. करणार नाहीस मला माहीत आहे.

आणि ट्रक आणलास तरी लेफ्से एकट्यानं होतात का? लाटणार तू, पण तव्यावर उलटणार कोण? ऑर्व्हिलच्या आधी ती उलटायची काठी माझ्या हातात होती, मला माहीत आहे ते काम किती डोळ्यांत तेल घालून करायचं असतं. कर्टिसच्या हातात काठी देऊ नकोस. त्याला गवत उलटायची सवय आहे.

मी कशाला येऊ? नको. इथे मजेत आहे. काल एकशे बारा डिग्री होतं, पण कोरडी हवा आहे, जाणवत नाही. दुपारभर मी घरात बसून असते, खिडकीतून समोरच्या घराचे दगड दिसतात. लोकांनी अंगणात गवताच्या जागी दगड घातलेत. छान आहेत.

गुरुवारी काय झालं ते सगळं लिही.

मार्लिस

*

ऑस्टबी
२८ जून

प्रिय वन्सं,

मी जाणार नव्हतेच. पण पास्टरच्या बायकोचं काचेचं भांडं एप्रिलपासून माझ्याकडे होतं आणि ते रिकामं कसं परत करायचं, म्हणून त्यात ओव्हनमधलं हॉटडिश भाजलं, आणि ती नेमकी पार्कात होती. तेवढ्यासाठी गेले. तीन तास लागले.

गर्दी खूप. सगळं गाव खुर्च्या घेऊन आलेलं. पण काही हलेचना! टॅकोच्या ट्रकपुढे रांग होती. पहिला उभा होता डेल राकोव. त्यानं मागच्याला म्हटलं, "तुम्ही घ्या आधी, मला घाई नाही." मागचा म्हणाला, "छे छे, तुम्ही." मागचा पुढे जायला तयार नाही, पुढचा खिडकीशी जायला तयार नाही. ट्रकवाला बेनाविदेस आतून ओरडतोय, "अहो कोणीतरी घ्या, टॅको गार होतायत!" वीस मिनिटं तो असा ओरडत होता. शेवटी तो बिचारा खाली उतरून एकेकाच्या हातात ताटली ठेवत सुटला.

बार्बेक्यूच्या ट्रकपुढेही तीच गत. चौथ्या जागेवर, जी माझी होती असं मी म्हणत नाही, तिथे लिंबू सरबताची गाडी होती. सरबत! प्रत्येकाच्या घरात लिंबू आहे.

फक्त मुआबाईंच्या एगरोलच्या ट्रकपुढे रांग सरसर सरकत होती. त्या तीस वर्षं या जिल्ह्यात आहेत. समोर आला की, "घ्या. घ्या हो. घ्याच!" एका दमात नाही हं, मध्ये श्वास घेऊन, डोळ्यांत बघून. तिसऱ्याला माणूस घेतो. शेवटचा एक रोल उरला तेव्हा मात्र त्यांचंही काही चाललं नाही. पास्टरनं अर्धा कापून घेतला. मग हॅरिएटनं त्या अर्ध्याचा अर्धा. मग आणखी कोणी. मी निघाले तेव्हा ताटलीत बोटाच्या पेराएवढा तुकडा होता आणि भोवती सातजण त्याच्याकडे न बघितल्यासारखं करत उभे होते.

जादूगार बाहेरचा. चमकीचा कोट. म्हणाला, "कोण येतं माझ्या मदतीला?" सगळं पार्क आपापल्या बुटांकडे बघायला लागलं. "लाजू नका! कोणीही या!" कोणी येईना. शेवटी त्यानं स्वतःच्या बायकोला बोलावलं, तर तीही आधी नको म्हणाली. शेजारच्या पेलिकन रॅपिड्सची निघाली माहेरची.

हवेच्या किल्ल्यापाशी सहा-सहा वर्षांची कार्टी एकमेकांना "आधी तू, आधी तू" करत होती. चांगले संस्कार आहेत, पण किल्ला रिकामा उड्या मारत होता.

जिना पळत होती इकडून तिकडे, तोंड उतरलेलं. मला वाईट वाटलं. तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "छान झालं हो, वाईट नाही झालं." ही आपल्याकडची सगळ्यात मोठी स्तुती आहे. ती रडायच्या बेतात आली.

कर्टिसनं शेडमध्ये फीत लावून मापं घेतली आज.

आर्डिस

*

मेसा, ॲरिझोना
३ जुलै

प्रिय जिना पालुम्बो,

आपली ओळख नाही. मी आर्डिस टोलेफसनची नणंद. हे पत्र तिला दाखवू नका. तिला कळलं तर ती मला काही बोलणार नाही, आणि ते फार वाईट असतं.

तुम्ही तिला ट्रक आणायला सांगितलंत आणि ती नको म्हणाली. तिला आणायचाय. बटाटे उकडून ठेवलेत. आमच्या गावात पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा बघू म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं असतं. पहिल्यालाच हो म्हटलं तर माणूस हावरट ठरतो. तेव्हा तिला तीनदा विचारा. एवढंच काम आहे.

तुमच्या गुरुवारचंही त्यानं भलं होईल.

मार्लिस एंगेब्रेट

*

ऑस्टबी पार्क विभाग
११ जुलै

प्रिय मार्लिसबाई,

पत्राबद्दल खूप आभार! असं कोणी आधी का नाही सांगितलं मला? एका आठवड्यात मला तीनशे नकार मिळालेत आणि त्यातले किती खरे होते देव जाणे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल तंतोतंत केलं. टोलेफसन बाईंच्या दारात गेले आणि तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा तर दार लावून घेतलं. म्हणजे हे नको खरंच असावं. मी त्यांच्या निर्णयाचा मान ठेवते. सरबतवाल्याला उन्हाळाभराची जागा देऊन टाकली.

प्रयत्न केल्याबद्दल पुन्हा आभार. तुमच्या वहिनी फार गोड आहेत, पण जरा भीती वाटते त्यांची.

जिना

*

ऑस्टबी
१२ जुलै

प्रिय वन्सं,

त्या जिनाला ऊन लागलंय. दुसरं काही कारण सुचत नाही.

बुधवारी कपडे वाळत घालत होते. ही आली, दम लागलेला, पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "ट्रक आणाल का? ट्रक आणाल का? ट्रक आणाल का?" अशी! मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. मी घाबरून म्हटलं, "नको." तिला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून की काय, बोटांवर मोजायला लागली. मी परत म्हटलं, "नको, नको," आणि दार लावलं. खिडकीतून बघितलं तर कागदावर काहीतरी लिहून मान हलवत गेली.

आता तुम्हीच सांगा, एका दमात तीनदा विचारलं तर ते एकदाच झालं की नाही? मध्ये कॉफी झाली पाहिजे. हवापाण्याचं बोलणं झालं पाहिजे. माणूस उठून दारापर्यंत गेला पाहिजे आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून, आठवल्यासारखं करून, तिसऱ्यांदा विचारलं पाहिजे. तिला हे तीनदाचं कोणी शिकवलं कोण जाणे, पण शिकवणाऱ्यानं अर्धवट शिकवलंय.

काल गुरुवारी गेले नाही. पुलावरून चालत गेले होते फक्त. अकॉर्डियन ऐकू येतो तिथवर. नॉर्बर्ट वाजवत होता आणि कोणी नाचत नव्हतं. पहिलं कोण उठणार?

ऑर्व्हिल असता तर उठला असता. त्याला लाज नव्हती. जत्रेत ट्रकच्या खिडकीतून काठी हलवत ओरडायचा, "या, बायकोनं लाटलीय, मी फक्त जाळलीय!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तीन वर्षं झाली, मला कोणी लाजवत नाही. तुम्हाला सांगते वन्सं, त्या ट्रकमध्ये बसलं की अजून त्याच्या कॉफीचा वास येतो. भंगारवाल्याला तो वास कशाला हवाय?

जाऊ दे. तुम्ही या ना इकडे. ऑगस्टात तरी. टोमॅटो होतील तोवर.

आर्डिस

*

मेसा
२० जुलै

आर्डिस,

बस आणि हे वाच. उभी असशील तर बस.

जिनाला तीनदाचं मी शिकवलं. पत्र लिहून. मध्ये कॉफी लागते हे लिहायला विसरले, कारण ते सांगावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी.

आता ती चौथ्यांदा विचारणार नाही. कोणीच विचारणार नाही. सरबतवाल्याला जागा दिलीय तिनं. तेव्हा आता एकच माणूस उरलंय ज्याला बोलता येईल, आणि ते तू आहेस.

तुला राग येणारच आहे, तर त्याच रागात हेही बसवून टाक. सत्तेचाळीस वर्षं मी हे पोटात ठेवलं.

बहात्तरच्या जानेवारीत सभागृहातल्या नाचानंतर ऑर्व्हिलनं तुला विचारलं आणि तू नको म्हणालीस. आठवतं? तो घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "नको म्हणाली. संपलं." झोपायला निघाला. तुझा नवरा तसा जिनासारखाच होता, सांगितलं ते खरं मानणारा. मी म्हटलं, "गाढवा, ती विचार करतेय. पुढच्या रविवारी परत जा." गेला. तू बघू म्हणालीस. तो परत येऊन बूट काढायला लागला. तिसऱ्या रविवारी मी त्याला बूट काढूच दिले नाहीत. उणे तीसची थंडी. मी स्वतः गाडी चालवत तुमच्या दारात आणली, त्याला ढकलून उतरवलं आणि आतल्या दिव्यावर नजर ठेवून बसले. वीस मिनिटं झाली तरी तो हवापाण्याचंच बोलत असणार, म्हणून मी कोपरानं हॉर्न दाबला. आणि दाबूनच ठेवला. तेव्हा कुठे त्यानं विचारलं.

तुझा सगळा संसार माझ्या त्या कोपरावर उभा आहे. पण वहिनी, प्रत्येक वेळी बाहेर गाडीत कोणीतरी बसलेलं नसतं ना. मी बाराशे मैलांवर आहे. इथून हॉर्न ऐकू येणार नाही तुला.

ट्रक हवाय तर तोंड उघड.

राहिलं माझ्या येण्याचं. विमानतळावर फार चालावं लागतं, गुडघा ऐकत नाही. बघू.

मार्लिस

*

मेसा
८ ऑगस्ट

वहिनी,

तीन आठवडे पत्र नाही. आमचा पोस्टमन आता मला बघून रस्ता ओलांडतो.

रागावलीस का? रागावली असशील तर तसं लिही. नुसतं "मी रागावले आहे" एवढं लिहून पाकिटात घाल, मला चालेल.

ट्रक गेला का?

मार्लिस

*

ऑस्टबी
१६ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

मी रागावले होते. तीन आठवडे. आपल्या घराण्यात हे कोणी लिहून दिलेलं पहिलंच पत्र असेल, जपून ठेवा.

तो हॉर्न! सत्तेचाळीस वर्षं मला वाटत होतं की थंडीनं हॉर्न अडकला होता. ऑर्व्हिलनं मला तसंच सांगितलं. बाबा कोट घालून बघायला निघाले होते तर त्यांना हात धरून बसवलं त्यानं. लबाड. तुम्ही दोघं.

आधी मला वाटलं की माझं लग्नसुद्धा मी स्वतः केलं नाही, तुम्हीच केलंत. त्याचा फार राग आला. मग ट्रकमध्ये जाऊन बसले आणि हॉर्न दाबून बघितला. वाजला नाही, बॅटरी गेलीय. मी तिथे बसून मोठ्यानं रडले. कर्टिस शेडच्या दारात आला, मला बघितलं, परत गेला. थोड्या वेळानं येऊन पायरीवर कॉफी ठेवून गेला. भंगारवाला तीन सप्टेंबरला येणार असं त्यानं आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता कालचं सांगते. मी पार्कात गेले. या वेळी कोणाचं भांडं बरोबर नव्हतं. नुसती गेले.

गर्दी जूनच्या निम्मी. रांगेतलं "आधी तुम्ही" चालूच. जादूगार आला. चमकीचा कोट आता त्याला सैल होतो. "कोण येतं मदतीला?" त्यानं विचारलं, आणि कोणी येणार नाही हे धरूनच बायकोकडे वळायला लागला.

वन्सं, माझा हात वर होता. मी केला नाही, तो गेला. सगळं पार्क बघायला लागलं. डेल राकोवच्या हातातलं सरबत सांडलं. जादूगारानं दोनदा मागे वळून बघितलं, मी दुसऱ्या कोणाला तर हात करत नाही ना म्हणून.

वर गेले. त्यानं माइक पुढे केला आणि म्हणाला, "बाई, मनातली एक इच्छा सांगा, मी ती या टोपीतून काढून दाखवतो." टोपीत कबुतर होतं, मला वरून दिसत होतं. दरवेळी लोकांच्या वतीनं त्याची बायको "कबुतर" म्हणायची.

मी म्हटलं, "मला ऑर्व्हिलचा ट्रक इथे उभा करायचाय."

त्यानं टोपीत बघितलं.

मी म्हटलं, "मला लेफ्से करायच्यात. जूनपासून करायच्यात. मी नको म्हटलं ते उगाच म्हटलं. मला हवंय."

ते शब्द भोंग्यातून पार पुलापर्यंत गेले. असं आपल्या गावात कोणी माइकवर कधी बोललेलं नाही. पास्टरसुद्धा नाही. कबुतर टोपीतून बाहेर येऊन माझ्या खांद्यावर बसलं आणि कोणी टाळीही वाजवली नाही.

मग सरबताच्या गाडीमागून जिना ओरडली, "मग दोन महिने का नाही बोललात?"

मी म्हटलं, "तू नीट विचारलं नाहीस!"

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बरं, टोलेफसन बाई. आणाल का ट्रक?"

मला सवयीनं नको आलं होतं ओठावर. अगदी 'न' पर्यंत. मी माइक घट्ट धरला आणि म्हटलं, "हो. आणते."

पहिल्याला, वन्सं. पहिल्याच विचारण्याला.

कर्टिस माणसांमध्ये उभा होता, टोपी हातात. तो तिथूनच म्हणाला, "आई, बॅटरी मी उद्या बदलतो." टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो. एकदाच सांगतो."

त्यानंतर काय झालं ते मला नीट कळलंच नाही. डेल राकोव टॅकोच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, "मला तीन हवेत." हॅरिएट म्हणाली तिला वर्षानुवर्षं पोल्का नाचायचाय, आणि पास्टरला ओढूनच नेलं. किल्ल्यात एकदम एवढी पोरं घुसली की तो एका बाजूला बसला. नॉर्बर्टनं इतकं वाजवलं की शेवटी त्याला खुर्चीतून उठवावं लागलं. जिना मध्येच उभी राहून रडत होती आणि मुआबाई तिला रोल भरवत होत्या. तीनदा विचारून.

शेवटचा गुरुवार एकोणतीस ऑगस्टला आहे. सरबतवाला चार पावलं सरकतोय. बटाटे वितळायला काढलेत, पीठ भिजवून गार करीन, खाचांचं लाटणं सापडलंय. तवा ऑर्व्हिलचाच.

पण उलटायला कोणी नाही. आजवर मी तुम्हाला दोनदा बोलावलं. पहिल्यांदा तुम्ही नको म्हणालात. दुसऱ्यांदा बघू म्हणालात. मी काही न्यू जर्सीची नाही. तेव्हा मध्ये हवापाण्याचं सांगते: सकाळी हवा गार असते, मका डोक्याच्या वर गेलाय, टोमॅटो लाल झालेत. कॉफी झाली असं धरा. आता मी दारापर्यंत गेलेय आणि मुठीवर हात ठेवलाय.

वन्सं, तुम्ही या. गुरुवारापुरत्या नाही. वरच्या खोलीत राहायला या. मला तुमच्याशिवाय करमत नाही, आणि हे मी तुम्हाला सत्तेचाळीस वर्षांत सांगितलेलं नाही.

तुमची,
आर्डिस

*

मेसा
२१ ऑगस्ट

वहिनी,

हो.

सत्तावीसला दुपारी दोन वाजता फार्गोच्या विमानतळावर उतरते. विमानतळवाले चाकाची खुर्ची देतात. मला जूनपासून माहीत होतं. बॅगही तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी भरून पलंगाखाली ठेवलीय. सून विचारत होती हे काय, मी म्हटलं हिवाळ्याचे कपडे. तुला दुसऱ्यांदा विचारायला महिना लागला. त्या महिन्यात मी ती दोनदा उघडून परत भरली.

इथले दगड मला मुळीच आवडत नाहीत. आणि उष्णता कोरडी असली तरी जाणवते.

बॅटरी बदललीच आहे तर कर्टिसला बरोबर घे आणि ट्रकच घेऊन ये मला न्यायला. दारात उभी राहून आत बघत बसू नकोस. हॉर्न दाब. मी येईपर्यंत दाबून ठेव.

काठी मी धरीन, लेफ्से जळली तर बोलायचं नाही. आणि गुरुवारी शेवटची लेफ्से उरली तर ती कोणाला अर्धी कापू देऊ नकोस. ती मला हवीय. अख्खी.

मार्लिस